वावरातली नाणी आणि १८७८ चा कायदा

वर्धा नदीच्या यवतमाळकडच्या काठाला आमचे वावर आहे आणि त्याच्या उत्तरेच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून एक जुनी पांधण नदीकडे उतरते. नदीवर पूल झाले नव्हते तेव्हा कापसाने भरलेल्या बंड्या याच पांधणीने नदी ओलांडायच्या उतारापर्यंत जात आणि पलीकडे हिंगणघाटच्या बाजाराला लागत, असे घरातली जुनी माणसे सांगत आली आहेत. पाणी जास्त असले की बैल सोडून थांबायची जागा आमच्या वावराच्या टोकाला, धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली होती. त्यामुळे वखरणीच्या वेळी किंवा पहिल्या पावसाने ढेकळे विरघळल्यावर तांब्याचा एखादा पैसा वर दिसणे हे आमच्याकडे नवलाचे नव्हते. आजीच्या फडताळात अशा पैशांची एक डबी होती. त्यांतला कोणता पैसा वावराच्या कोणत्या भागात सापडला होता, हे मात्र घरात कोणालाच सांगता येत नसे, आणि शाळेत इतिहास शिकवू लागल्यापासून मला नेमकी हीच गोष्ट खटकत होती. मेटल डिटेक्टर विकत घेतला तो नाण्यांच्या जागा नोंदवण्यासाठी. बंड्यांची वाट कुठून जात होती आणि तळ किती दूरवर पसरत होता, हे त्या जागांवरून कागदावर मांडता येईल अशी माझी अपेक्षा होती.

यंत्र घेण्याआधी मी कायदा वाचला, आणि हा क्रम कोणीही उलटा करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय निखात निधी अधिनियम हा १८७८ सालचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू त्याच्या व्याख्येत येते, आणि तिची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ज्याला ती सापडली त्याने तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख लिहून जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १८७८ मध्ये १० रुपये ही मोठी रक्कम होती; आज चांदीचा एक झिजलेला रुपयासुद्धा ती मर्यादा सहज ओलांडतो, म्हणजे व्यवहारात चांदीचे प्रत्येक जुने नाणे कळवण्याजोगेच ठरते. कळवले नाही तर सापडणाऱ्याचा वाटा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जमिनीच्या मालकाने त्यात साथ दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याशिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे जुने नाणे पुरावस्तू ठरते, आणि १९५८ च्या कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकाच्या परिसरात परवानगीविना खोदणे हा गुन्हा आहे. आपल्या विदर्भात पवनी, अडम, मनसर, कौंडण्यपूर अशा ठिकाणी दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे थर जमिनीखाली आहेत. अशा जागी हौशी माणसाने यंत्र घेऊन जाऊच नये, कारण तिथे खुरपीच्या एका घावाने थरांचा जो क्रम मोडतो तो पुन्हा कोणालाही जुळवता येत नाही.

त्याच विचाराने आमच्या गावाची जुनी पांढरीही मी वगळली. ती कोणत्याही संरक्षित यादीत नाही. पण जिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तिथे चुलीची राख, खापरे, हाडे आणि नाणी एकमेकांच्या संगतीत पडलेली असतात, आणि ती संगत वाचणे हे पुरातत्त्वाचे शिक्षण घेतलेल्यांचे काम आहे. पूर्वी शेतकरी पांढरीची माती खत म्हणून बंडीने वावरात नेऊन टाकत. त्या मातीबरोबर आलेले नाणे वावरात सापडले तर त्याची मूळ जागा केव्हाच हरवलेली असते, ही गोष्टही नोंद करताना मनात ठेवावी लागते. शोध घ्यायचा तो स्वतःच्या वावरातच, नांगर-वखराने आधीच ढवळलेल्या थरातच, असे मी ठरवले. शेजारच्या वावराचा धुऱ्यालगतचा पट्टाही मला हवा होता, म्हणून त्या मालकांचे लेखी संमतिपत्र सातबाराच्या उताऱ्यासह घेतले. ते वावर मक्त्याने करणारे काका वेगळे आहेत. त्यांचीही सही घेतली, कारण खड्ड्यात बैलाचा पाय मुरगळला तर नुकसान त्यांचे होणार होते.

आमच्या भागात हातात असे यंत्र दिसले की लोकांच्या मनात पहिला शब्द येतो तो गुप्तधन. या शब्दामागे आपल्याकडे फसवणूक आहे, अघोरी पूजा आहेत आणि निरपराध लेकरांचे बळीही आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे तो याचमुळे. म्हणून मी पोलीस पाटलांना आणि सरपंचांना आधी पत्र दिले, कोणत्या गट क्रमांकात व कोणत्या वेळेत शोध घेणार ते त्यात लिहिले आणि सगळे काम दिवसाउजेडी, पांधणीवरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असे केले. लोक थांबत, पाहत, विचारत.

“गुरुजी, सोनंबिनं निंगते काय जी?”

“सोनं नाही, पैसे निंगतेत. तेही तांब्याचे.”

बहुतेकांचे यावर समाधान होई. एका वयस्क गृहस्थांनी मात्र मला बाजूला घेऊन आपल्या पडक्या वाड्यात येण्याची गळ घातली आणि “अमावस्येले या, जागा मी दाखवतो” असे सांगितले. “काका, अमावस्येलेही नाही अन् पुनवेलेही नाही. तुमच्या घरात काही पुरलं आहे असं वाटत असंल तर तहसीलमंदी अर्ज द्या, मी लिहून देतो,” असे मी त्यांना सांगितले आणि तो विषय तिथेच संपवला. असे नकार मला अधूनमधून द्यावे लागले. ज्यांना यंत्र घ्यायचे आहे त्यांनी नकार देण्याची तयारी ठेवूनच ते घ्यावे.

आता यंत्राविषयी. माझे यंत्र साध्या प्रकारचे, कमी कंपनसंख्येवर चालणारे आहे. दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीत तारेची वेटोळी असतात. त्यांतल्या एकातून उलटसुलट वाहणारी वीज जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र पाठवते, त्या क्षेत्रामुळे धातूच्या तुकड्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचे उलट क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. परत येणारा संकेत पाठवलेल्या संकेताच्या किती मागे आहे यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते आणि पडद्यावर एक आकडा दाखवते. लोखंड खालच्या टोकाला, चांदी व तांबे वरच्या टोकाला, आणि मधे औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी, कीटकनाशकाच्या बाटलीचे सील, पितळेच्या लहान वस्तू अशी सगळी गर्दी असते. आकडा हा अंदाजच असतो. बैलाच्या घागरमाळेतून गळलेला पितळी घुंगरू आणि जुना पैसा यांचे आकडे माझ्या यंत्रावर इतके जवळ येतात की खोदल्याशिवाय फरक कळत नाही. पोळ्याला सजवलेले बैल पिढ्यान्‌पिढ्या या पांधणीने गेलेले असल्यामुळे घुंगरू मला नाण्यांपेक्षा जास्त सापडले.

त्याहून मोठा प्रश्न मातीचा आहे. आमची काळी कापसाची माती काळ्या दगडापासून, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्यापासून झालेली आहे, आणि त्या दगडातले लोहयुक्त खनिजांचे कण मातीत मिसळलेले असतात. यंत्राला ही माती स्वतःच धातूसारखी भासते. म्हणून प्रत्येक वेळी काम सुरू करताना धातू नसलेल्या जागी चकती वर-खाली हलवून यंत्राला तिथल्या मातीची ओळख करून द्यावी लागते, आणि वावराच्या एका टोकाला काळी माती व दुसऱ्या टोकाला मुरूम उघडा पडलेला असेल तर ही जुळणी मधेच पुन्हा करावी लागते. एवढे करूनही एकट्या पैशाएवढ्या नाण्याचा खात्रीचा आवाज माझ्या यंत्राला वीतभर खोलीच्या खाली क्वचितच मिळाला. पेटीवर छापलेल्या खोलीवर आपल्याकडच्या मातीत विसंबू नये. चुलीखाली किंवा वीटभट्टीखाली भाजलेल्या मातीचेही तसेच आहे. भाजल्याने तिच्यातले लोह चुंबकीय होते आणि साधा विटेचा तुकडासुद्धा खोटा आवाज देतो.

विजेचाही त्रास होतो, आणि तो परदेशी माहितीपुस्तकात लिहिलेला नसतो. कृषिपंपाची थ्री-फेज लाइन आली की डीपीच्या बाजूच्या पट्ट्यात यंत्र अखंड गुणगुणू लागते, म्हणून तो पट्टा मी लाइन नसलेल्या वेळेसाठी राखून ठेवला. रानडुकरे आणि रोह्यांपासून पीक वाचवण्यासाठी आता बहुतेक वावरांना झटका मशीनची तार असते. ती मशीन ठरावीक अंतराने तारेत विजेचा ठोका सोडते आणि तो प्रत्येक ठोका डिटेक्टरच्या हेडफोनमध्ये टक्‌ असा ऐकू येतो. नवख्या माणसाला वाटावे की पावलोपावली काही सापडते आहे. शेजारच्या काकांना विनंती करून दिवसा ती मशीन बंद ठेवली, तेव्हा कुठे बारीक आवाज ऐकू येऊ लागले.

हंगाम निवडणे हेसुद्धा मातीच ठरवते. पऱ्हाटी उपटल्यावर वावर मोकळे होते, पण तोवर माती दगडासारखी होऊ लागलेली असते. सब्बल घातल्याशिवाय खोदता येत नाही आणि सब्बलीने नाणे खरचटते. पावसाळ्यात पीक उभे असते आणि चिखल खुरपी सोडत नाही. खरा उपयोगी काळ म्हणजे पहिल्या दमदार सरींनंतर वापसा येतो ते पेरणीपर्यंतचे थोडे दिवस. तेव्हा माती हातात घेऊन दाबली तर गोळा होतो आणि अंगठ्याने ढकलला तर फुटतो. अशा ओलाव्यात खुरपीने तीन बाजूंनी खोल चिरून मातीचा अख्खा ठोकळा उचलता येतो, तो ताडपत्रीच्या तुकड्यावर ठेवून हाताने फोडता येतो आणि काम झाल्यावर जसाच्या तसा खड्ड्यात बसवता येतो. मी प्रत्येक खड्डा बुजवून पायाने दाबला. संमती देणाऱ्या शेतकऱ्याचा विश्वास याच गोष्टीवर टिकतो.

नोंदीसाठी हद्दीच्या दगडांपासून दोरी ताणून मी वावराच्या चौकटी पाडल्या. मोबाइलवरचे स्थान काही मीटरने चुकू शकते आणि मला त्याहून बारीक जागा हवी होती, म्हणून प्रत्येक नाण्याचे अंतर दोन दगडांपासून टेपने मोजले, खोली पट्टीने मोजली आणि नाणे जसे निघाले तसे, माती न पुसता, नंबर घातलेल्या कागदी पाकिटात ठेवले. घरी कोणीतरी हमखास चिंच पुढे करते. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात हे खरे; पण नाण्यावरचा हिरवा थर खरवडला गेला की त्याखालची झिजलेली अक्षरेही जातात. साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे, याहून अधिक काही करू नये.

सापडलेल्या नाण्यांत सर्वांत जास्त होते ते ब्रिटिश अमलाचे पाव आणे, म्हणजेच जुने पैसे. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै असा तो हिशेब १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत येईपर्यंत चालला. व्हिक्टोरिया राणीच्या चित्राचे जाड तांब्याचे पैसे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले मधे भोक असलेले पैसे आणि पुढचे नये पैसे, असे तीन काळ एकाच पट्ट्यात मिळाले. शिवराई निघाली, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ मधला ‘शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पति’ एवढेच वाचता येत होते, पण बोटाने चाचपले तरी कोरीव रेषा जाणवत होत्या. शिवराई शिवाजी महाराजांनंतरही दीर्घकाळ पाडली गेली आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत राहिली, त्यामुळे ती सापडली म्हणून जागा सतराव्या शतकातली ठरत नाही. तिच्याजवळच निजामाच्या राज्यातला असावा असा एक जाड, ओबडधोबड ढब्बू मिळाला, आणि या दोहोंच्या शेजारामुळे मला आमच्या नदीचा इतिहास नव्याने दिसला. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहाने नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. तेव्हापासून ही नदी दोन राज्यांची शीव झाली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. उतारावर थांबणाऱ्या माणसाच्या कनवटीला दोन्हीकडचे पैसे असणे हे अगदी स्वाभाविक होते.

खोलीच्या नोंदी मी सर्वांत काळजीने केल्या होत्या, आणि त्यांनीच सर्वांत वेगळी गोष्ट दाखवली. वरचे नाणे नवे आणि खालचे जुने, हा सर्वसाधारण नियम आमच्या काळ्या मातीत चालत नाही. १९५७ नंतरचा नया पैसा व्हिक्टोरियाच्या पैशाच्या खाली, जवळजवळ दुप्पट खोलीवर मिळाल्याची उदाहरणे माझ्या वहीत आहेत. कारण उन्हाळ्यात डोळ्यांसमोर असते. ही माती वाळली की आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. वर पडलेले नाणे अशा भेगेत गेले की थेट कमरेइतके खाली जाऊ शकते. पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात, आतली माती दाबाने वर-खाली सरकते आणि दरवर्षी हेच चक्र चालते. खात्री करण्यासाठी मी पितळी वॉशरवर अंक कोरून ते वैशाखात पांधणीलगतच्या न नांगरलेल्या पट्टीत काही भेगांत आणि काही सपाट जमिनीवर टाकले, त्यांच्या जागा मोजून ठेवल्या आणि पावसाळा उलटल्यावर शोधले. सपाटीवरचे बोटभर मातीखाली, टाकल्या जागीच मिळाले. भेगांतल्या काहींचा क्षीण आवाज आला आणि काही यंत्राच्या आवाक्याबाहेर गेले होते. यावरून मी माझ्या नकाशातून खोलीला काळाचे माप मानणे पूर्णपणे काढून टाकले आणि फक्त आडव्या जागेवर भिस्त ठेवली. नकाशावर नाण्यांचे ठिपके मांडले तेव्हा ते पांधणीच्या आजच्या रेषेवर नव्हते; ते तिच्या दक्षिणेला एका अरुंद पट्ट्यात, वावराच्या आत होते. म्हणजे वाट सरकलेली आहे, किंवा माणसे वाटेच्या कडेला बसत होती. मला दुसरी शक्यता अधिक वाटते, कारण बंडीच्या चाकाच्या धावेचे तुकडे, बैलांचे नाल आणि नालांचे खिळे मात्र आजच्या पांधणीच्या रेषेला धरून मिळाले.

रुपये सापडले ते धुऱ्यावरच्या कडुनिंबाजवळ. ते झाड एका वादळात उन्मळले होते आणि मुळांबरोबर मातीचा मोठा गड्डा वर आला होता, त्यामुळे एरवी यंत्राला कधीच पोहोचता आले नसते असा थर उघडा पडला. तिथला आवाज बाकी आवाजांपेक्षा रुंद होता. चकती कोणत्याही दिशेने फिरवली तरी आकडा हलत नव्हता आणि तो वरच्या टोकाचा होता. खिळ्याचा आवाज एका दिशेने येतो आणि दुसऱ्या दिशेने तुटतो, हा तसा नव्हता. मी लांबून खोदत आलो. आधी हिरवट झालेली माती लागली, मग काळपट गोल कडा दिसली, तिच्या मागे दुसरी, आणि दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या. तिथेच हात थांबवला, छायाचित्रे घेतली आणि पोलीस पाटलांना व शेजारच्या काकांना बोलावून घेतले. पुढचे काम त्यांच्यासमोर झाले. एकावर एक रचल्यासारखे ११ चांदीचे रुपये आणि त्यांना टेकून दोन पाव आणे निघाले. त्या दोन पैशांपैकी एकाच्या हिरव्या थरात कापडाची वीण स्पष्ट उमटलेली होती, उभे-आडवे धागे मोजता यावेत इतकी, आणि एका कडेला त्या कापडाचा नखाएवढा खरा तुकडाही चिकटून होता. तांब्याच्या क्षारांत कापड कुजत नाही, म्हणून चांदीजवळचे सगळे नाहीसे झाले आणि पैशाजवळचे तेवढे उरले. नाणी चंचीत किंवा धोतराच्या पदराच्या गाठीत होती, इतके त्यावरून म्हणता येते. चिंच लावली असती तर त्या धाग्यांचा मागमूस राहिला नसता.

रुपयांवरचा छाप स्वच्छ होता. काहींवर व्हिक्टोरियाची ‘क्वीन’ ही पदवी होती आणि काहींवर १८७७ पासून आलेली ‘एम्प्रेस’. १८६२ सालाचे रुपये त्यांत जास्त होते, पण ते साल शब्दशः घेता येत नाही, कारण पुढची कित्येक वर्षे टांकसाळी तेच साल घालून रुपये पाडत राहिल्या. सर्वांत अलीकडचा रुपया १८९३ चा होता. गाठोडे त्याआधीचे नाही एवढे यावरून निश्चित होते. ते १८९३ मध्येच पुरले असे मात्र ठरत नाही, कारण त्याच वर्षी सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले आणि पुढची काही वर्षे नवे रुपये फारच कमी निघाले. म्हणजे १८९६-९७ च्या किंवा १८९९-१९०० च्या दुष्काळातल्या माणसाच्या हातातही हेच जुने रुपये असू शकतात. व्हिक्टोरियानंतर १९०१ मध्ये गादीवर आलेल्या एडवर्ड राजाच्या चित्राचा एकही रुपया त्यांत नाही, हा दुसऱ्या बाजूचा पुरावा आहे.

दुसऱ्या दिवशी मी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. अधिनियमाचे नाव व वर्ष, गट क्रमांक, हद्दीच्या दगडांपासूनची अंतरे, तारीख, साक्षीदार, प्रत्येक नाण्याचे वर्णन आणि छायाचित्रे अशी सगळी माहिती त्यात दिली. किंमत लिहिताना ती केवळ चांदीच्या वजनाची आहे असे नमूद केले, कारण संग्राहक काय देतील हे सांगणे माझे काम नव्हते. तहसीलमधल्या टेबलावर हा अर्ज कोणत्या सदरात घ्यावा हे प्रथम कोणाला ठरवता आले नाही, आणि यात मला त्यांचा दोष दिसत नाही; असा अर्ज तिथे यापूर्वी कोणी आणून दिलेला नव्हता. मी अधिनियमाची छापील प्रत सोबत नेली होती. ती वाचल्यावर आवक क्रमांक पडला आणि पोच मिळाली. नंतर तलाठी आणि मंडळ अधिकारी वावरात आले, पंचांसमोर पंचनामा झाला आणि सोनाराच्या काट्यावर वजन झाले. नवा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात शेकडा ९१.७ चांदी, अकरा रुपयांचे वजन झिजेमुळे १२५ ग्रॅमच्या आसपास भरले. पाकीट लाखेने मोहोरबंद होऊन उपकोषागारात गेले. कापडाचा तुकडा असलेल्या पैशासाठी मी वेगळी कडक डबी आग्रहाने मागितली, आणि ती देण्यात आली.

इतका खटाटोप कशासाठी, असे मला गावात पुष्कळांनी विचारले. मी त्यांना तऱ्हाळ्याचे उदाहरण देतो. आजच्या वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा हजाराहून मोठा साठा सापडला. तो नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासात आला आणि कुंभ, कर्ण, शक अशा सातकर्णी राजांची नावे त्या नाण्यांनी उजेडात आणली, जी पुराणांच्या यादीत नव्हती. ती नाणी तांब्यासारख्या हलक्या धातूची होती; मोडीत घातली असती तर त्यांचे फार थोडे पैसे झाले असते. आमचे ११ रुपये त्या तोलाचे नाहीत हे मला पुरते ठाऊक आहे. पण गावोगाव वाड्याच्या भिंतीत, वावरात, विहिरीच्या खोदकामात निघालेली नाणी गुपचूप आटवली जातात, आणि त्यांत दुसरे तऱ्हाळे नव्हते असे कोणाच्याने सांगवणार नाही.

कायद्यातला पुढचा टप्पा जाहिरातीचा आहे. जिल्हाधिकारी अधिसूचना काढतात आणि ज्यांना त्या धनावर हक्क सांगायचा आहे त्यांना चार महिन्यांच्या आत नाही आणि सहा महिन्यांच्या पुढे नाही अशा तारखेला बोलावतात. मालक ठरला नाही तर धन सापडणाऱ्याला मिळते, आणि जमीन दुसऱ्याची असून त्या मालकाने हक्क मांडला तर, आपसात करार नसल्यास, सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला उरलेला हिस्सा मिळतो. सरकारला ते संग्रहासाठी हवे असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन ते घेता येते. आमचा सातबारा बाबांच्या नावावर आहे, म्हणून आम्ही दोघांनी वाटणी न करण्याचा लेखी करार अर्जाला जोडला आणि रुपये, पैसे व कापडाचा तुकडा नोंदवहीच्या प्रतीसह एकत्र राहावेत, शक्यतो नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जावेत, अशी विनंती केली. १८६३ पासूनच्या या अजब बंगल्यात विदर्भातल्या जुन्या नाण्यांचा मोठा संग्रह आहे, आणि आमच्या तालुक्यातला विद्यार्थी सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकेल इतके ते जवळ आहे.

अधिसूचनेचा कागद चावडीवर लागल्यानंतर गावातले एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या पणजोबांच्या बंड्या या वाटेने चालत आणि परतीच्या वाटेवर एकदा पैसे लपवावे लागल्याची गोष्ट त्यांच्या घरात सांगितली जाते. पुरावा म्हणून कागद काहीच नाही. ठावठिकाणा म्हणून ‘निंबाजवळ’ एवढा एकच शब्द. हा दावा टिकेल की नाही हे ठरवणे माझे काम नाही, पण तो नोंदला जावा असे मला मनापासून वाटले. म्हणून त्यांच्या आईने सांगितलेली हकीकत तिच्याच शब्दांत उतरवून घेतली, अर्ज लिहून दिला आणि ठरलेल्या तारखेला दोघांनी मिळून जायचे ठरवले. तोवर निंबाच्या खड्ड्याभोवतीची चौकट मी बंद ठेवली आहे. नकाशातला नदीकडचा पट्टा अजून रिकामा आहे. यंदाची पऱ्हाटी निघून पहिला वापसा आला की तिथे काम सुरू करायचे आहे, आणि त्या पट्ट्याच्या मालकांचे संमतिपत्र मी आत्ताच घेऊन ठेवले आहे.